हातचा कोणी धरायचा?

माझा पुतण्या लंडनला कॉम्प्युटरच्या धंद्यात आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला तो दादरच्या घरी आला, तेव्हा फराळाचे ताट पुढे येण्याआधीच त्याने खिशातून पन्नास पौंडांची एक नोट काढून माझ्या हातावर ठेवली. बँकेत सारी उमेद घालवलेल्या माणसाच्या हाती नोट पडली, की तो आधी ती उजेडात धरतो आणि मग दोन बोटांत चोळून पाहतो. ही नोट कागदाची नव्हतीच, गुळगुळीत पॉलिमरची होती. एका बाजूला राणी एलिझाबेथ आणि दुसऱ्या बाजूला भांग पाडलेला, टाय बांधलेला एक मध्यमवयीन माणूस. त्याच्या आजूबाजूला आकड्यांचे कोष्टक, यंत्राचा आराखडा, त्याची सही. शून्य आणि एक एवढ्याच अंकांची एक अरुंद पट्टीही होती. ती त्या माणसाची यंत्राच्या भाषेत लिहिलेली जन्मतारीख आहे, असे पुतण्याने सांगितले.

तो माणूस म्हणजे अ‍ॅलन ट्युरिंग. बँक ऑफ इंग्लंडने ही नोट २३ जून २०२१ रोजी, त्याच्या जन्मदिवशी, चलनात आणली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची एनिग्मा फोडणारा गणिती, कॉम्प्युटरचा आद्य पुरुष आणि अर्धवट खाल्लेले सफरचंद उशाशी ठेवून मेलेला दुर्दैवी माणूस, एवढे मला ठाऊक होते. बहुतेकांना तेवढेच ठाऊक असते. नोटेच्या निमित्ताने मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि अडलो ते भलत्याच ठिकाणी. चांदीच्या दोन लगडी, सायकलची एक साखळी आणि फळ्यावर उलटे लिहिलेले काही आकडे यांपाशी मी अडलो. का अडलो, ते सांगायचे तर आधी वाचकांना लालबागला न्यावे लागेल.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात होते. त्या जुन्या साच्यांना एक सोय होती. आडवा धागा तुटला, की साचा आपोआप थांबे. उभा धागा तुटला तर मात्र थांबत नसे. तो साचेवाल्याने नजरेने टिपायचा. नजर चुकली, की साचा खडखडत पुढे जाई आणि कापडात दोष राही. जाब मग साचेवाल्यालाच. साच्याला कोणी जाब विचारत नसे. वडील हे सांगत तेव्हा त्यात तक्रारीचा सूर नसे. पाऊस वरून खाली पडतो म्हणावे, तसे ते सांगत.

मी बँकेत लागलो आणि काही वर्षांनी अधिकारी होऊन त्याच लालबागच्या एका शाखेत आलो. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेला गिरणी संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्याच्या खुणा आमच्या लेजरांच्या पानापानांवर होत्या. पगाराची खाती पाच-दहा रुपयांवर येऊन थांबलेली, काही बंद केलेली, काहींचे मालक गावी गेलेले. दर महिन्याला खात्यांच्या शिल्लकांची बेरीज करायची आणि ती जनरल लेजरशी जुळवायची, याला बॅलन्सिंग म्हणत. जुळले नाही, की रात्र. फरकाला नवाने भाग गेला तर कोणीतरी आकडे उलटे लिहिले आहेत, ५४ चे ४५ केले आहेत, हे जुना कारकून चहा पिता पिता सांगे. प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज, ती पुढच्या पानावर नेलेली, आणि बाजूला तपासणाऱ्याची आद्याक्षरी. काम कंटाळवाणे होते. पण चूक कोणत्या पानात आहे ते पानच सांगे.

१९८४ साली रंगराजन समितीचा बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा अहवाल आला आणि पुढच्या काही वर्षांत आमच्याकडेही लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. नारळ फोडून आम्ही त्यांची पूजा केली. पहिल्याच बॅलन्सिंगला तीन रुपयांचा फरक आला. तीनला नवाने भाग जात नाही. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तीन रुपये. त्याखेरीज यंत्राला एक खोड होती. सकाळी ते चपळ असे, दुपारी तीननंतर म्हाताऱ्यासारखे रखडे आणि ते बंद करून पुन्हा सुरू केले, की पुन्हा तरणे होई.

यंत्रावर परळचा एक तरुण कारकून बसत असे. यंत्र चुकणार नाही याविषयी वरपासून खालपर्यंत सर्वांची खात्री होती. म्हणजे चूक त्याचीच. वरून विचारणा झाली आणि मी त्याला मेमो दिला. मसुदा माझा, सही माझी. त्याने पोच दिली आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसला. त्या दिवसापासून मात्र दर पन्नास व्हाउचरे झाली, की तो स्वतःच्या वहीत हाताने बेरीज मांडू लागला आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहू लागला. मला ते थोडे उर्मटपणाचे वाटले होते, हे आज कबूल करतो.

दीड महिन्याने प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीचा एक मुलगा आला. त्याने ती वही मागून घेतली आणि तासाभरात चूक शोधली. वहीतल्या पन्नास-पन्नासच्या सगळ्या बेरजा बरोबर होत्या. म्हणजे नोंदीत चूक नव्हती, ती शेवटच्या एकूण बेरजेत होती. प्रोग्रॅमचा एक तुकडा असा होता, की त्याला खाते क्रमांक द्यावा आणि त्याने शिल्लक आणून द्यावी. खाते बंद झालेले असेल तर त्याने काय आणावे? लिहिणाऱ्याने ठरवले होते, की त्याने उणे एक आणावे. त्याचा अर्थ खाते नाही, असा घ्यायचा. बेरीज करणारा दुसरा तुकडा लिहिताना मात्र हा संकेत ध्यानात राहिला नाही. तीन बंद खाती, तीन वेळा उणे एक, तीन रुपये कमी. दुपारच्या रखडण्याचेही कारण त्याने सांगितले. प्रत्येक नोंदीसाठी प्रोग्रॅम यंत्राच्या स्मृतीतली थोडी जागा उसनी घेई. काम झाल्यावर ती परत करायची असे, ते करायचे राहून गेले होते. तीन वाजेपर्यंत सगळी जागा उसनवारीतच संपे. त्यांच्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात. मला आमचे सस्पेन्स खाते आठवले. कोणीतरी उचल घेतो, व्हाउचर हरवते आणि वर्षानुवर्षे ती रक्कम ना खर्चात, ना शिलकेत.

मेमो मी मागे घेतला. दिलगिरी काही व्यक्त केली नाही. अधिकाऱ्यांनी तसे करण्याची पद्धत नव्हती.

आता ट्युरिंगकडे येतो.

तो २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये जन्मला, पण त्याचे घर खऱ्या अर्थाने हिंदुस्थानातले. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी, ओरिसातल्या छत्रपूरला नेमणुकीवर. आईचे वडील मद्रासकडच्या रेल्वेत मुख्य अभियंता. हिंदुस्थानची हवा मुलांना मानवणार नाही, म्हणून अ‍ॅलन आणि त्याचा थोरला भाऊ यांना इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवले गेले. आईवडील येत-जात राहिले. एकटेपणाने स्वतःशीच हिशेब मांडत राहायची सवय त्याला बहुधा तिथेच लागली असावी. शेरबर्नच्या शाळेत असताना ख्रिस्तोफर मॉरकॉम हा त्याचा जिवलग मित्र १९३० साली क्षयाने गेला. १९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आला आणि १९३६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने तो सुप्रसिद्ध निबंध लिहिला. एक लांबच लांब पट्टी, तिच्यावर खुणा, आणि एका वेळी एकच खूण पाहणारे एक काल्पनिक यंत्र. गणनाने जे काही करता येते ते सारे असले यंत्र करू शकेल, आणि काही प्रश्न असे आहेत, की ते त्यालाही सुटणार नाहीत, हे त्यात सिद्ध केले होते. यंत्र बांधले जाण्याच्या आधीच त्याच्या मर्यादा सांगून टाकणारा हा माणूस.

युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, तो ब्लेचली पार्कला हजर झाला. तिथले त्याचे पराक्रम ठाऊक आहेत. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मला रस आहे त्याच्या सायकलीत. सायकलची साखळी ठरावीक फेऱ्यांनंतर निसटत असे. ट्युरिंगने ती दुरुस्त करून घेतली नाही. पायडलच्या फेऱ्या मोजायच्या आणि साखळी निसटणार त्याच्या जरा आधी थांबून ती सावरायची, असे त्याने ठरवले. तो मोजत मोजत कामावर जाई आणि मोजत मोजत घरी येई. विक्षिप्त विद्वानाची गंमत म्हणून ही गोष्ट सांगतात. मला त्यात आमचे यंत्र दिसले. सायकलीतला दोष सायकलीतच राहिला, तो सांभाळण्याचा भार स्वाराच्या डोक्यावर गेला. ट्युरिंगच्या डोक्याला तो भार जाणवत नव्हता. पण ती सायकल दुसऱ्या कोणी नेली असती तर? तो पडला असता आणि लोकांनी म्हटले असते, की याला सायकल चालवता येत नाही.

दुसरी गोष्ट चांदीची. १९४० साली जर्मन इंग्लंडमध्ये उतरणार अशी भीती होती. बँकेतल्या पैशाचे काय होईल कोणी सांगावे, म्हणून ट्युरिंगने सुमारे अडीचशे पौंडांची चांदी विकत घेतली आणि ब्लेचलीजवळच्या रानात दोन लगडी दोन ठिकाणी पुरल्या. जागा कागदावर सरळ लिहून ठेवणे धोक्याचे, म्हणून त्याने खुणा सांकेतिक लिपीत लिहिल्या. जर्मन आले नाहीत. युद्ध संपल्यावर तो चांदी काढायला गेला. डोनाल्ड मिकी या ब्लेचलीच्या सहकाऱ्याला बरोबर घेऊन, स्वतः जुळवलेले धातुशोधक यंत्र घेऊन त्याने शोध घेतला. जमिनीच्या खुणा बदलल्या होत्या. एकही लगड सापडली नाही. जगातली अत्यंत अवघड सांकेतिक लिपी फोडणाऱ्या माणसाला स्वतःच्या चांदीचा पत्ता लागला नाही.

पुतण्याला मी ही गोष्ट फोनवर सांगितली, तेव्हा तो हसून म्हणाला, की काका, मेमरी लीक म्हणतात ती नेमकी हीच. जागा नाहीशी होत नाही. ती तिथेच असते, तुमच्याच नावावर असते. हरवतो तो तिचा पत्ता. पत्ता नाही म्हणून तुम्हाला ती वापरता येत नाही, आणि तुमच्या नावावर आहे म्हणून दुसऱ्यालाही मिळत नाही.

यातली गंमत अशी, की पत्ता जपण्याचे महत्त्व ट्युरिंगइतके त्या काळी क्वचितच कोणाला कळले असेल. १९४५ च्या ऑक्टोबरात तो लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत दाखल झाला आणि काही महिन्यांतच त्याने एका पूर्ण कॉम्प्युटरचा आराखडा लिहून काढला. एका कामाच्या मध्येच दुसरे छोटे काम करायला जायचे आणि परत येऊन पहिले जिथे सोडले तिथून पुढे न्यायचे, तर परतीचा पत्ता यंत्राने कुठेतरी ठेवला पाहिजे, हे त्यात स्पष्ट आहे. पत्ता ठेवण्याच्या क्रियेला त्याने पुरणे असे नाव दिले आणि तो परत काढण्याला उकरणे. चांदीची आठवण ते शब्द योजताना त्याच्या मनात होती का, हे सांगता येणार नाही. यंत्र पुरलेले विसरत नाही, माणूस विसरतो, एवढे मात्र खरे.

ते यंत्र बांधण्यात दिरंगाई होत राहिली, ट्युरिंग कंटाळला आणि १९४८ साली मँचेस्टर विद्यापीठात गेला. त्याच्या पुढच्या वर्षी केंब्रिजला या नव्या यंत्रांवर एक परिषद भरली. २४ जून १९४९ रोजी, म्हणजे सदतीस वर्षे पुरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो तिथे बोलला. विषय होता, मोठा प्रोग्रॅम बरोबर आहे हे तपासायचे कसे. त्याने सुरुवात केली साध्या बेरजेपासून. चार-पाच मोठ्या संख्या एकाखाली एक मांडल्या आणि तळाशी फक्त उत्तर दिले, तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज एका बैठकीत, हातचे डोक्यात धरत, पुन्हा करावी लागते. पण प्रत्येक रकान्याची बेरीज आणि हातचे वेगळे लिहून दिले असतील, तर एकेक रकाना सुटा तपासता येतो. मग हातचा डोक्यात धरायला नको. तो कागदावर असतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेही असेच करावे, ठरावीक टप्प्यांवर या क्षणी काय खरे असले पाहिजे ते लिहून ठेवावे, म्हणजे तपासणारा टप्प्याटप्प्याने ताळा पाहू शकेल, असे त्याचे सांगणे होते. प्रोग्रॅम बरोबर आहे हे सिद्ध करण्याचे शास्त्र पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट फ्लॉइड आणि टोनी होर यांनी उभे केले. ट्युरिंगचा तीन पानांचा हा निबंध तोवर विस्मरणात गेला होता.

हे वाचताना मी खुर्चीतून उठून गॅलरीत गेलो. पानाच्या तळाशी बेरीज, पुढच्या पानावर नेलेली, बाजूला आद्याक्षरी. दर पन्नास व्हाउचरांनंतर वहीत मांडलेली बेरीज. परळच्या त्या मुलाने ट्युरिंगचे नाव ऐकले नव्हते, आणि मीही नव्हते.

पण त्या व्याख्यानाची दुसरी बाजू केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी पुढे नोंदवून ठेवली आहे. प्रोग्रॅमच्या तपासणीबद्दलच बोलताना ट्युरिंग एकदा फळ्यावर संख्यांचा गुणाकार करत होता आणि समोरच्या जाणकारांपैकी कोणालाच काही कळेना. थोड्या वेळाने उलगडा झाला, की त्याने संख्या उलट्या लिहिल्या होत्या, एकं डावीकडे आणि दहं-शतं उजवीकडे. यंत्रात अंक त्या क्रमाने येत, म्हणून त्यालाही तसेच लिहायची सवय झाली होती. श्रोत्यांना सांगायची गरज त्याला वाटली नाही. हातचा कागदावर ठेवा असे शिकवणारा माणूस एक मोठा हातचा स्वतःच्या डोक्यात ठेवून बोलत होता.

मँचेस्टरच्या यंत्रासाठी १९५१ साली त्याने जी पुस्तिका लिहिली, तिच्यातही तेच झाले. ते यंत्र समजायला फार कठीण नव्हते. कठीण होता तो यंत्र आणि माणूस यांच्यामधला सांधा. पुतण्याच्या भाषेत इंटरफेस. यंत्रातले पाच-पाच अंक एकत्र घेऊन त्यांच्या बत्तीस जुळण्या होतात. त्यांना टेलिप्रिंटरवरची अक्षरे आणि चिन्हे दिली होती, आणि त्या चिन्हांना आपल्या अक्षरांचा वा आकड्यांचा क्रम नव्हता. बत्तीसही पाठ करायची. दहाच्या घरात मोजायचे सोडून बत्तिसाच्या घरात मोजायचे, आणि तेही उलटे. शून्याला तिरपी रेघ, त्यामुळे प्रोग्रॅमची पाने रेघारेघांनी भरलेली. त्याच सुमारास केंब्रिजला डेव्हिड व्हीलरने वेगळी वाट काढली होती. बेरजेला ए, वजाबाकीला एस. पत्ते साध्या दशमान आकड्यांत लिहा, भाषांतर यंत्र स्वतःच करील. हे ट्युरिंगला माहीत नव्हते असे नाही. पण बत्तीस चिन्हे पाठ करणे त्याला जड नव्हते. ते दुसऱ्याला जड असेल हे त्याला दिसले नाही. १९५४ साली टोनी ब्रुकरने त्या यंत्रासाठी सोपी लेखनपद्धत तयार केली, तेव्हा कुठे सामान्य वकुबाचा माणूस त्याच्यापाशी जाऊ शकला.

ती अवघड पुस्तिका वाचून एक शाळामास्तर मँचेस्टरला आला होता. ख्रिस्तोफर स्ट्रॅची. त्याने मोठा प्रोग्रॅम लिहिला, आणि तो संपल्यावर यंत्राने आपल्या भोंग्यातून ब्रिटिश राष्ट्रगीत वाजवले. पुढे स्ट्रॅची एका मोठ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या घडणीत सामील झाला. त्या भाषेवरून मार्टिन रिचर्ड्सने एक छोटी भाषा केली, तिच्यावरून केन थॉम्प्सनने आणखी छोटी, आणि तिच्यातून १९७२ च्या आसपास डेनिस रिचीची सी ही भाषा निघाली. निम्म्या जगाचे प्रोग्रॅम त्या भाषेत किंवा तिच्या लेकीसुनांत लिहिले गेले. सी चपळ आहे, काटकसरी आहे. पण बरेचसे हातचे ती माणसाच्या डोक्यात ठेवते. फायलीतले अक्षर आणून देणारा तिच्यातला तुकडा अक्षरे संपली, की उणे एक आणतो, आणि ते उत्तर अक्षराएवढ्या खणात ठेवले, की खरे अक्षर कोणते आणि संपल्याची खूण कोणती, हेच कळेनासे होते. आमच्या तीन रुपयांचे हे थोरले भावंड.

आणखी एक नमुना पुतण्याने मला समजावला. घेतलेली जागा अपुरी पडली, की मोठी जागा मागण्याची सोय आहे. मिळाली तर नवा पत्ता येतो. मिळाली नाही तर रिकामे उत्तर येते आणि जुनी जागा तशीच तुमच्या नावावर राहते. आता जुना पत्ता ज्या चिठ्ठीवर लिहिला आहे, तिच्यावरच नवे उत्तर लिहिणे कोणालाही स्वाभाविक वाटेल. बहुतेक वेळा त्यात बिघडतही नाही. पण ज्या दिवशी उत्तर रिकामे येते, त्या दिवशी जुना पत्ता पुसला जातो आणि आतली चांदी कायमची जाते. लिहिणारा निष्काळजी होता असे आपण म्हणतो. पण खड्डा रस्त्याच्या अगदी मधोमध ठेवला होता, त्याचे काय?

आता जी नवी साधने निघाली आहेत, त्यांत हा विचार झालेला दिसतो. काही भाषा टाकून दिलेली जागा स्वतःच गोळा करतात. ती कल्पना तर १९५९ पासूनची आहे. २०१५ साली पक्की झालेली रस्ट नावाची एक भाषा आहे. तिच्यात उत्तर आणि चूक यांचे खण वेगळे असतात आणि कोणता भरला आहे हे पाहिल्याशिवाय उत्तर हाती लागत नाही. जागेला एक मालक असतो. तो गेला, की जागा आपोआप परत होते. चुका संपल्या असे नाही, पण काही चुका करणेच अवघड झाले आहे. माझ्या वडिलांच्या साच्याला उभ्या धाग्यासाठीही थांबण्याची कळ बसवावी, तसे हे झाले.

ट्युरिंगला हे पाहायला मिळाले नाही. १९५२ च्या जानेवारीत त्याच्या घरी चोरी झाली. सरळ माणूस, तो पोलिसांकडे गेला. चौकशीत एका तरुणाशी असलेला त्याचा संबंध उघड झाला आणि फिर्यादीचा आरोपी झाला. त्या वेळच्या इंग्लिश कायद्याप्रमाणे तो गुन्हा होता. ३१ मार्चला त्याला दोषी ठरवले गेले. तुरुंगाऐवजी त्याने वर्षभर संप्रेरकांचे उपचार पत्करले. सरकारी गुप्त कामाची दारे बंद झाली. ७ जून १९५४ रोजी, एकेचाळिसाव्या वर्षी, सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. आत्महत्या असा निर्णय झाला. तो अपघात होता, असे त्याची आई शेवटपर्यंत मानत राहिली. २००९ साली ब्रिटनच्या पंतप्रधानांनी माफी मागितली, २०१३ च्या डिसेंबरात राणीने क्षमापत्र दिले. इंग्रजांनीच आपल्याला दिलेल्या ३७७ कलमाचा तो भाग आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. मेमो मागे घ्यायला संस्थांना नेहमीच वेळ लागतो.

गेल्या गणपतीत मी लालबागला गेलो होतो. भारतमाता सिनेमापाशी गर्दीत कोणीतरी साहेब म्हणून हाक मारली. तोच, परळचा. डोक्यावर केस उरले नाहीत, पण हाक तीच. बँकेतून तो २००१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडला होता. आम्ही बाजूच्या हॉटेलात चहा घेतला. मी त्याला केंब्रिजचे व्याख्यान सांगितले, बेरजेच्या रकान्यांचे, हातच्यांचे. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग सांगितले, की ती वही अजून घरी आहे. मेमोही तिच्यातच आहे, घडी घालून.

पस्तीस वर्षे राहून गेलेले वाक्य मी तेव्हा बोललो. तो काही म्हणाला नाही. बशीत चहा ओतून माझ्यापुढे सरकवला. बाहेर ढोल इतके वाजत होते, की त्याने ते ऐकले की नाही, हेही मला कळले नाही. म्हणून उठताना मी पुन्हा एकदा म्हटले.

इंग्लंडातली ती चांदी अजून सापडलेली नाही.